‘जातील शेजारी’: सेमानगुमच्या चिखलात तपासलेलं एक वाक्य

एखादी खाडी किंवा चिखलाचा पट्टा भरावाखाली जाणार असला की चर्चेत एक वाक्य हमखास येतं. पक्ष्यांना पंख आहेत, ते जातील शेजारी. ऐकायला ते पटतंही. काल या काठाला बसलेला थवा आज पलीकडच्या काठाला दिसतो, हे दुर्बीण गळ्यात असलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. मग काही हजार पक्षी असेच थोडे सरकले तर बिघडलं कुठे?

या वाक्याची नीट परीक्षा फार थोड्या ठिकाणी झाली आहे. त्यासाठी जागा जायच्या आधीपासून मोजावं लागतं, जाताना मोजावं लागतं आणि पक्षी जिथे ‘जातील’ म्हणतात त्या शेजारीही त्याच दिवसांत मोजावं लागतं. बहुतेकदा आपल्याला जाग येते तेव्हा डंपर येऊन गेलेले असतात. दक्षिण कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र हे तिन्ही जमलं, म्हणून किनारपक्षी मोजणाऱ्याने सेमानगुमचं प्रकरण मुळातून समजून घ्यावं असं मला वाटतं.

जागा आणि भिंत

मांग्यंग आणि दोंगजिन या दोन नद्या जिथे चीन आणि कोरिया यांच्यामधल्या पीत समुद्राला मिळतात, तिथे भरती-ओहोटीचा अफाट चिखल पसरलेला होता. उधाणाला पाणी सहा-सात मीटर चढायचं आणि ओहोटीला किलोमीटरच्या किलोमीटर तळ उघडा पडायचा. त्या चिखलात शिंपले, खेकडे, किडे होते. त्यावर आजूबाजूच्या गावांतल्या लोकांचं, विशेषतः बायकांचं, पोट चालायचं आणि वसंतात लाखोंनी उतरणाऱ्या पक्ष्यांचंही.

‘सेमानगुम’ हे त्या खाडीचं जुनं नाव नाही, प्रकल्पाचं आहे. मांग्यंग आणि किमजे या तिथल्या भातशेतीच्या मैदानांच्या नावांतली अक्षरं घेऊन त्यांच्या आधी ‘नवं’ या अर्थाचा शब्द लावला आहे. म्हणजे समुद्र हटवून नवं मैदान करायचं, हा बेत नावातच आहे. समुद्रात सुमारे ३३ किलोमीटर लांबीची भिंत घालायची आणि आतल्या सुमारे ४०० चौरस किलोमीटरमध्ये जमीन आणि गोड्या पाण्याचा जलाशय तयार करायचा, असं ठरलं. काम १९९१ मध्ये सुरू झालं. उद्देश सांगितला होता भातशेतीचा. पुढे भाताची गरज घटत गेली, तसा उद्देशही बदलत गेला. २००८ पर्यंत बहुतांश जमीन उद्योग, पर्यटन वगैरेंसाठी आणि थोडी शेतीसाठी, असं गणित उलटं झालं होतं. भिंत मात्र तीच राहिली. कारण बदलतं आणि बांधकाम चालूच राहतं, हे मोठ्या प्रकल्पांत नवं नाही.

विरोध मोठा झाला. २००३ च्या वसंतात एक बौद्ध भिक्खू, एक कॅथलिक धर्मगुरू, एक प्रोटेस्टंट पाद्री आणि वॉन बौद्ध पंथाचे एक धर्मगुरू या चिखलापासून राजधानी सोलपर्यंत तीन पावलं चालून एक साष्टांग नमस्कार, असं करत निघाले. तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर कापायला त्यांना ६५ दिवस लागले. न्यायालयांत प्रकरण वरखाली होत राहिलं, स्थगिती मिळाली आणि उठलीही. १६ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पाच्या बाजूने अंतिम निकाल दिला. २१ एप्रिल २००६ ला भिंतीतली शेवटची फट बुजली.

तारीख लक्षात घ्या. एप्रिलचा शेवट म्हणजे उत्तरेकडच्या स्थलांतराचा ऐन भर. ऑस्ट्रेलियाहून निघालेले थवे त्याच दिवसांत इथे उतरत होते.

कोण उतरत होतं

इथे मी जरा रेंगाळणार आहे. उतरणाऱ्या पक्ष्याच्या शरीरात काय चाललेलं असतं हे कळल्याशिवाय ‘जातील शेजारी’ हे वाक्य चुकतं कुठे ते कळत नाही.

सेमानगुमच्या गर्दीतला मुख्य पक्षी ग्रेट नॉट. तुतवारांच्या कुळातला, सव्वा वितीचा, राखाडी पाठीचा. वसंतात त्याच्या छातीवर काळे दाट ठिपके येतात. वीण सैबेरियाच्या ईशान्य टोकाला, डोंगरमाथ्यावरच्या टुंड्रात. हिवाळी मुक्काम मुख्यतः वायव्य ऑस्ट्रेलियात, रोबक बे आणि एटी माइल बीचच्या किनाऱ्यांवर. तिथून तो निघतो तो साडेपाच-सहा हजार किलोमीटर न थांबता पीत समुद्राच्या काठी येतो. त्याला पाण्यावर बसून विसावा घेता येत नाही. वाटेत खाणं-पिणं काही नाही.

चरबी इंधन म्हणून जळते हे सगळ्यांना माहीत असतं. पण ऑस्ट्रेलियातून निघण्यापूर्वीचे आणि चीनच्या किनाऱ्यावर पोचलेले ग्रेट नॉट ताडून पाहिले, तेव्हा फक्त चरबी गेलेली नव्हती. मेंदू आणि फुप्फुसं सोडून जवळपास सगळे अवयव लहान झालेले होते. पोचलेल्या पक्ष्याची आतडी, यकृत, पेषणी सगळं आक्रसलेलं. आणि हा पक्षी शिंपले फोडून खात नाही, अख्खे गिळतो. कवच दळायचं काम पेषणीचं. म्हणजे जात्याचा दगड झिजलेला असतानाच सर्वात जास्त दळण करायची वेळ येते. महिनाभरात जातंही पुन्हा घडवायचं, वजनही चढवायचं आणि सैबेरियाचं उरलेलं अंतर कापायचं. तिथे उन्हाळा इतका छोटा की उशीर झाला तर वीण गेली.

अशा पक्ष्याला चिखल म्हणजे निव्वळ बसायची जागा नसते. योग्य आकाराचे, पातळ कवचाचे शिंपले भरपूर आणि उथळ मिळायला हवेत. भरतीला टेकायला जवळच निवांत उंचवटा हवा, नाहीतर मिळवलेलं वजन ये-जा करण्यातच खर्ची पडतं. असा चिखल दर खाडीत नसतो. आणि जिथे असतो तिथे आधीचे खाणारे असतातच.

मोजणी

भिंत बंद होण्याआधी तज्ज्ञांतही दुमत होतं. काहींना वाटत होतं की पक्षी आसपास सामावले जातील. बर्ड्स कोरिया ही संस्था आणि ऑस्ट्रेलेशियन वेडर स्टडीज ग्रुप हा ऑस्ट्रेलियातला किनारपक्षी अभ्यासगट यांनी मग सोपी पण कष्टाची गोष्ट केली. २००६, २००७ आणि २००८ या तीन वसंतांत सेमानगुममध्ये पद्धतशीर मोजणी केली. सोबत लगतच्या दोन जागाही मोजल्या: उत्तरेला गुम नदीचं मुख आणि दक्षिणेला गोम्सोचं आखात. ‘शेजारी’ म्हणजे नेमकं कुठे, याचं उत्तर त्यांनी आधीच नकाशावर लिहून ठेवलं. नायल मूर्स आणि डॅनी रॉजर्स ही त्या कामातली ठळक नावं. पण स्कोपला डोळा लावणाऱ्यांत अनेक देशांचे हौशी पक्षीनिरीक्षक होते.

किनारपक्षी मोजणं हे भरतीच्या वेळापत्रकाचं काम आहे. ओहोटीला पक्षी एवढ्या चिखलावर विखुरतात की मोजणं म्हणजे अंदाजपंचे. उधाणाची भरती चढू लागली की पाणी त्यांना ढकलत काठाशी आणतं आणि ते दाटीने एका ठिकाणी बसतात. तो तासाभराचा वेळ आपला. भांगाच्या भरतीला पाणी पुरेसं चढत नाही, पक्षी मध्येच कुठेतरी राहतात आणि आकडा कमी भरतो. म्हणून पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची मोजणी अष्टमीच्या मोजणीशी ताडून चालत नाही. मोठ्या थव्यात एकेक पक्षी मोजत बसत नाहीत. दहांचा, मग शंभरांचा एक ठोकळा नजरेत बसवायचा आणि तो थव्यावर सरकवत न्यायचा. मग जातींचं प्रमाण स्कोपने वेगळं काढायचं. थवा उठला की पुन्हा पहिल्यापासून.

सेमानगुममध्ये यात एक विचित्र अडचण होती, आणि मला ती फार बोलकी वाटते. मोजणीची सगळी पद्धत भरतीवर उभी, आणि मोजायची होती ती भरतीच बंद पडलेली जागा. आत पाणी पूर्वीसारखं चढेना, पक्षी पूर्वीसारखे काठाशी येईनात. अशा वेळी ‘कमी दिसले’ आणि ‘कमी झाले’ यांत फरक करायचा तर नेहमीच्या ठिकाणी थांबून भागत नाही, सगळा प्रदेश पालथा घालावा लागतो. आणि तरीही टीकाकार म्हणणार, तुम्हाला सापडले नसतील.

भिंत बंद झाल्यावर चिखलाचं काय झालं ते सांगायला पक्षीतज्ज्ञ लागत नव्हता. दिवसातून दोनदा भिजायची सवय असलेला तळ उन्हात तापला, भेगाळला. शिंपले थराथराने मेले. गावातल्या बायका वर्षानुवर्षं जिथे फावडी ओढायच्या, तिथे उघडी पडलेली कवचं राहिली.

आकडे

तीन वसंतांत सेमानगुममधले किनारपक्षी सव्वा लाखाहून अधिक संख्येने घटले. शेजारच्या दोन जागी काही जाती वाढलेल्या दिसल्या, पण ही तूट भरून निघेल असं काही नव्हतं. ग्रेट नॉट तर ठळकपणे गेला: सुमारे ९०,००० पक्ष्यांची घट. त्या वेळी या जातीची जगातली संख्या ३,८०,००० च्या आसपास धरली जात होती. म्हणजे जगातल्या एकूण ग्रेट नॉटपैकी पावाला थोडेच कमी पक्षी एका भिंतीच्या आत आपली मधली शिदोरी भरत होते.

इथपर्यंतचा आकडा एवढंच सांगतो की ते इथे नाहीत आणि शेजारीही नाहीत. कोरियातच आणखी लांब गेले असतील? म्हणून मोजणी देशातल्या इतर किनाऱ्यांवरही नेली गेली. तिथेही ते नव्हते. चीनच्या बाजूला गेले असतील? पीत समुद्राचा सगळा काठ मोजणं कुणाच्याच आवाक्यात नव्हतं. पण या पक्ष्यांची एक गोष्ट सोयीची आहे. ते कुठेही थांबले तरी दक्षिणेचा उन्हाळा काढायला बहुतेक ऑस्ट्रेलियात परततात. आणि तिथे स्वयंसेवक कित्येक वर्षं मोजत होते. कोरियातला हिशेब त्या खातेवहीशी जुळवून पाहता येत होता. वायव्य ऑस्ट्रेलियातही ग्रेट नॉट घटलेले निघाले. शेजारी गेलेले पक्षी घरी तरी यायला हवे होते.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. एका गावचा पक्षीनिरीक्षक कितीही निष्ठेने मोजो, त्याचा ‘नाही’ हा आकडा अर्धवटच असतो. त्या ‘नाही’ला अर्थ येतो तो हजारो किलोमीटरवर दुसऱ्या कुणीतरी तितक्याच निष्ठेने मोजलेल्या आकड्याने. रोबक बेच्या काठी उन्हात उभं राहून थवे मोजणाऱ्यांना दर वेळी वाटलं नसेल की आपण कोरियातल्या वादाचा पुरावा तयार करतोय.

पुढे या खातेवहीचा आणखी मोठा उपयोग झाला. वायव्य ऑस्ट्रेलियात पायाला रंगीत कडी आणि पिवळी पताका लावलेल्या पक्ष्यांच्या पुनर्नोंदींवरून तीन जातींचं जगण्याचं प्रमाण काढलं गेलं: ग्रेट नॉट, रेड नॉट आणि पट्टेदार शेपटीचा पाणटिवळा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की ऑस्ट्रेलियात असतानाच्या महिन्यांत पक्षी पूर्वीइतकेच जगतात. ते मरतात बाहेर असताना, आणि हे प्रमाण २०११ नंतर तिन्ही जातींत एकदमच बिघडलं. वीण तिघांची वेगवेगळ्या भागांत होते, समान धागा एकच, पीत समुद्राचा चिखल. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या स्वयंसेवकांच्या वीसेक वर्षांच्या मोजण्या एकत्र लावल्या गेल्या. जी जात पीत समुद्रावर जितकी जास्त अवलंबून, ती तितकी वेगाने घटते आहे, असं त्यातून निघालं. त्याआधी उपग्रहचित्रांवरून कळलं होतं की १९८० च्या दशकापासून पीत समुद्राच्या काठचे २८ टक्के भरती-ओहोटीचे पट्टे गेले होते. सेमानगुम त्यातला एक मोठा घास होता, एकमेव नव्हे.

आक्षेपांना जागा

या पुराव्याला मर्यादा आहेत, आणि त्या सांगितल्या नाहीत तर आपणही ‘जातील शेजारी’ म्हणणाऱ्यांइतकेच सैल ठरू. तीन वर्षं हा छोटा काळ आहे. मेलेले ९०,००० पक्षी कुणी पाहिले नाहीत. ते भुकेने मेले, उशिरा निघून वाटेत पडले, की वीण न करता दोन-तीन वर्षांत विरत गेले, हे मोजणीतून कळत नाही. त्याच काळात चीनच्या किनाऱ्यावरही भराव पडत होते, त्यामुळे ऑस्ट्रेलियातली सगळी घट एका भिंतीच्या माथी मारता येणार नाही.

पण चीनच्याच किनाऱ्यावरून आलेलं एक निरीक्षण उलट बाजूने डोळे उघडतं. बोहाई आखातात लुआननानच्या चिखलावर रेड नॉट काही वर्षं वाढताना दिसले. एकाच जागेचा आलेख पाहिला तर आनंदाची बातमी. प्रत्यक्षात लगतचे पट्टे भरावाखाली जात होते आणि विस्थापित पक्षी उरलेल्या जागेवर दाटत होते. म्हणजे कधीकधी पक्षी खरंच शेजारी जातात. मात्र शेजाऱ्याचा चिखल त्यामुळे वाढत नाही. आपल्या नेहमीच्या पाणथळीवर अचानक विक्रमी आकडा दिसला, तर फोटो टाकण्याआधी आजूबाजूला काय बंद पडलं ते पाहून यावं, एवढं मी यातून शिकलो.

मग काय बदललं

ऑक्टोबर-नोव्हेंबर २००८ मध्ये पाणथळ जागांविषयीच्या रामसर कराराची दहावी परिषद भरली ती दक्षिण कोरियातच, चांगवॉनला. तीन वर्षांच्या मोजणीचा अहवाल त्या वेळी तयार होता. यजमान देशाच्या अंगणातलाच पुरावा पाहुण्यांसमोर आला. त्याने भिंत उघडली नाही. एप्रिल २०१० मध्ये ती पूर्ण झाली आणि मानवाने बांधलेली जगातली सर्वांत लांब समुद्रभिंत म्हणून तिची नोंदही झाली.

बदल कागदावर सुरू झाला. धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत ग्रेट नॉट २०१० मध्ये ‘असुरक्षित’ आणि २०१५ मध्ये ‘संकटग्रस्त’ ठरला. चीनने २०१८ मध्ये किनाऱ्यावरचे व्यापारी भराव थांबवण्याचा निर्णय घेतला आणि २०१९ मध्ये पीत समुद्र-बोहाई किनाऱ्यावरच्या काही पाणथळी जागतिक वारसा यादीत आल्या. २०२१ मध्ये दक्षिण कोरियाचे ‘गेटबोल’, म्हणजे भरती-ओहोटीचे चिखलपट्टे, त्याच यादीत आले. त्यात चार भाग आहेत. एक सोचॉनचा, गुम नदीच्या मुखाशी. एक गोचांगचा, गोम्सोच्या आखातात.

नावं ओळखीची वाटली असतील. मोजणी करणाऱ्यांनी नकाशावर ‘शेजारी’ म्हणून खूण केलेल्या याच दोन जागा. पक्षी जिथे जातील असं म्हटलं जात होतं ते दोन्ही कोपरे आता जगाचा वारसा आहेत, आणि मधली जागा, जिच्यात त्यांच्याहून जास्त पक्षी होते, भिंतीआड आहे. हा विनोद कुणी मुद्दाम रचला असता तर बटबटीत वाटला असता.

आतली जमीन अजूनही पुरती कामी आलेली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये भरावाच्या जमिनीवर जगभरातल्या स्काउटांचा मेळावा भरवला गेला. चाळीस हजारांहून जास्त मुलं आली. सावली नाही, पाण्याचा निचरा नाही, वर उकाडा. काही देशांची पथकं आधीच निघून गेली आणि शेवटी वादळामुळे सगळ्यांनाच हलवावं लागलं. जलाशयातलं गोडं पाणी सडू लागल्याने २०२० च्या अखेरीपासून भिंतीतले दरवाजे पूर्वीपेक्षा जास्त वेळा उघडले जाऊ लागले आणि समुद्र थोडा थोडा आत येऊ लागला.

गुनसान शहराच्या बाजूला ‘सुरा’ नावाचा चिखलाचा एक तुकडा त्यातून तगून आहे. त्याच भागात नव्या विमानतळाचा आराखडा आला. २९ डिसेंबर २०२४ ला त्याच किनाऱ्यावर दक्षिणेला मुआन विमानतळावर विमानाला पक्षी धडकले आणि त्या अपघातात १७९ माणसं गेली. त्यानंतर चिखलाशेजारी धावपट्टी हा प्रश्न फक्त पक्षीमित्रांचा राहिला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलच्या प्रशासकीय न्यायालयाने सेमानगुम विमानतळाचा मूळ आराखडा रद्द ठरवला. पक्षी धडकण्याचा धोका आणि सोचॉनच्या चिखलाशी असलेली जवळीक हे मुद्दे त्या निकालात होते. सरकार त्यावर अपिलात गेलं.

भिंत बंद व्हायच्या आधी, २००३ मध्ये, आसपासच्या नागरिकांनी एक पाहणीगट सुरू केला होता. त्यात शास्त्रज्ञ नव्हते म्हटलं तरी चालेल. सुट्टीच्या दिवशी चिखलात उतरणारी माणसं होती. खटला हरल्यावर आणि भिंत उभी राहिल्यावरही त्यांनी वही मिटली नाही. दर महिन्याला ते आत जातात आणि दिसलेलं लिहून आणतात.